पासिंगच्या रंगाखालचा पत्रा

जुन्या ट्रकच्या दाराची खालची कड पटाशीने खरवडली की रंगाचे थर एकामागून एक उघडे पडतात. वर पिवळा, त्याखाली जरा वेगळा पिवळा, मग केशरी, कुठे निळा, आणि तळाशी कारखान्यातून आलेला मूळ रंग. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. बोलण्यात सगळे त्याला ‘पासिंग’ म्हणतात. पासिंगची तारीख जवळ आली की गाडी रस्त्याकडेच्या पेंटरसमोर उभी राहते, गंजासकट पत्र्यावर ऑइलपेंटचा एक हात फिरतो आणि गाडी वर्षभरासाठी मोकळी होते. गंज मात्र मोकळा होत नाही. रंगाखाली अडकलेलं पाणी आणि फटीतून जाणारी हवा त्याला पुरते. पुढच्या वर्षी तिथे फुगवटा येतो, त्यावर पुन्हा रंग बसतो, आणि एक दिवस बोट टेकवलं तर आरपार जातं.

ही साखळी तोडायची तर एकदा पत्र्यापर्यंत जावं लागतं. ते काम घरच्या अंगणात होऊ शकतं, आणि त्यासाठी टाटा ४०७ सारखी दुसरी गाडी नाही. ऐंशीच्या दशकात टोयोटा, मित्सुबिशी, माझदा आणि निस्सान या जपानी कंपन्या भारतीय भागीदारांबरोबर हलके ट्रक घेऊन उतरल्या, तेव्हा टाटांच्या टेल्को कंपनीने पुण्यात, अध्यक्ष सुमंत मूळगावकरांच्या कारकिर्दीत, हा ट्रक तयार केला आणि १९८६ साली बाजारात आणला. जपानी गाड्यांत इंजिन पूर्णपणे केबिनखाली होतं. ४०७ चं नाक थोडं पुढे आलेलं, त्यामुळे जमिनीवर उभं राहून बॉनेट उघडता येतं. रंगकामालाही हीच उंची सोयीची पडते. घडवंचीवर चढलं की छताच्या मध्यापर्यंत हात पोचतो. केबिनचा पत्रा साधा, वळणं मोजकी, आणि दारं, जाळी, मडगार्ड, आरसे असं बरंच काही पाने घेऊन सोडवता येतं. जे सोडवता येईल ते सोडवावं. टेप लावून झाकलेल्या रबराच्या कडेपाशीच नवा रंग सर्वांत आधी सुटतो.

बहुतेक जण तयारीची सुरुवात हत्यारं विकत घेण्यापासून करतात. मला ते उलटं वाटतं. आधी जुना रंग ओळखावा, त्यावरून नवा रंग ठरवावा, आणि त्या रंगाला लागेल तशी गन आणि कंप्रेसर घ्यावा. ओळखायची रीत सोपी आहे. कापसाचा बोळा एनसी थिनरमध्ये बुडवून रंगावर मिनिटभर दाबून धरायचा. रंग विरघळून बोळ्याला लागला तर तो नायट्रोसेल्युलोजचा, म्हणजे ज्याला दुकानात एनसी म्हणतात तो. सुरकुतला, फुगून वर आला तर सिंथेटिक इनॅमल, आपला ऑइलपेंट. काहीच झालं नाही तर कारखान्यात भट्टीत भाजलेला किंवा हार्डनर घालून मारलेला. ट्रकवर बहुतेक वेळा दुसरं उत्तर मिळतं. त्याचा अर्थ असा की या थरांवर एनसी मारायचा नाही. त्यातलं थिनर खालच्या इनॅमलला चावतं आणि तयार झालेला सगळा पृष्ठभाग एका दुपारीत सुरकुततो. एक तर पत्रा पूर्ण उघडा करायचा, नाहीतर इनॅमलवर इनॅमलच द्यायचा.

दुकानदार इथे पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग, सुचवील. चमक तीच, टिकाऊपणा अधिक, आणि हे खरंही आहे. पण पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारणीत ते सूक्ष्म थेंबांतून फुप्फुसात जातं आणि काही माणसांचं शरीर त्याला कायमचं विरोध करू लागतं. असा दमा एकदा जडला की पुढे थोड्याशा वासानेही जीव घाबरा होतो. शिवाय त्याचा इशारा देणारा वास नाकाला वेळेवर जाणवत नाही, त्यामुळे मुखवट्याचं काडतूस संपलंय हे कळत नाही. रंगाच्या चांगल्या कार्यशाळांत म्हणूनच बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा आणि हवा खेचणारी बंद खोली असते. अंगणात यातलं काही नसतं आणि ओसरीवर घरातली माणसं असतात. घरी पीयू मारू नये, हे माझं मत पक्कं आहे. ट्रकला सिंथेटिक इनॅमल शोभतो, तो पुढे खरचटला तर तिथल्या तिथे डागडुजी करता येते, आणि खिशालाही परवडतो. इनॅमलची वाफही निरुपद्रवी नाही. सेंद्रिय वाफेसाठीची काडतुसं बसवलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मुखवटा फवारताना हवाच. नाकावर बांधलेला रुमाल वाफेला काहीच अडवत नाही.

जुने थर काढताना आणखी एक धोका आहे आणि त्याची चर्चा आपल्याकडे फारच कमी होते. ट्रकवरचे झगझगीत पिवळे आणि केशरी रंग वर्षानुवर्षं लेड क्रोमेटचे, म्हणजे शिशाचे बनत आले. भारतात २०१६ साली रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम झाले आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाले, पण ते घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरते. दाराच्या कडेला सापडणारा तो वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा पिवळा थर शिशाचाच आहे असं धरून चालावं. ग्राइंडर लावून तो कोरडा उडवला तर भुकटी अंगणभर बसते. रांगणारं मूल ती हाताने तोंडात नेतं. जनावरांची तर जुना रंग चाटायची खोडच असते, आणि गुरांना शिशाची विषबाधा होण्याचं ते एक जुनं, माहितीतलं कारण आहे. म्हणून गोठ्यापासून दूर, खाली जाड प्लास्टिक अंथरून, वॉटर पेपरने पाणी घेत घेत घासावं. जो चिखल जमेल तो वाळवून डब्यात बंद करावा. मोरीत किंवा शेतात सोडू नये. कोरडं खरवडणं टळत नसेल तेवढ्या वेळी एन ९५ मुखवटा चढवावा, आणि ते कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत. हीट गनने रंग सोलणं झटपट होतं, पण जास्त तापलं तर शिशाची वाफ निघते. त्यापेक्षा हाताची पटाशी बरी.

घासायला बसण्याआधी गाडी धुवायची, आणि नुसत्या पाण्याने नाही. डिझेल, ग्रीस आणि रस्त्यावरचं डांबर आधी निघालं नाही तर घासताना ते पेपरच्या चऱ्यांत शिरतं आणि रंग तिथे धरत नाही. एक फडकं थिनरचं आणि लगेच मागे दुसरं कोरडं, असं पुसलं की तेलकटपणा उचलला जातो. एकच फडकं फिरवत राहिलं तर तो फक्त जागा बदलतो.

मग गंज शोधायचा. पुढच्या काचेच्या रबराखाली, छताच्या पन्हळीत, पायरीच्या आतल्या बाजूला, बॅटरीच्या पेटीखाली आणि दाराच्या तळाशी तो हमखास भेटतो. दाराच्या तळाला पाणी जाण्यासाठी बारीक भोकं असतात. दरवर्षीच्या रंगाने ती बुजतात, पाणी आत साठतं आणि दार आतून कुजत येतं. ती भोकं तारेने मोकळी करणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत स्वस्त काम, आणि कदाचित सर्वांत मोलाचंही. गंजावर ग्राइंडरचा तारेचा ब्रश फिरवला तर वरून पत्रा चकाकतो, पण खड्ड्यांतला काळा गंज तसाच राहतो. ब्रश त्याला नुसतं पॉलिश करतो. तिथे फॉस्फरिक आम्लाचं गंजनाशक लावून, डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुऊन किंवा पुसून, पूर्ण वाळवून त्याच दिवशी प्रायमर द्यावा. उघडा पत्रा रात्रभर दवात राहिला तर सकाळी पुन्हा तांबूस झालेला असतो.

जिथे भोक पडलंय तिथे वेल्डरला बोलावून पत्र्याचा तुकडा जोडूनच घ्यावा. भोकावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरणं म्हणजे पासिंगचा रंगच वेगळ्या रूपात; मागून पाणी येतच राहतं. पोचे भरायला दोन भागांची पॉलिएस्टर पुट्टी मिळते. तिच्यात हार्डनर वजनाच्या जेमतेम २ टक्के लागतो आणि दहा-पंधरा मिनिटांत ती घट्ट होते, तेव्हा एका वेळी तळहाताएवढीच कालवावी. बाकी सगळीकडे पाण्याने घासा म्हटलं, पण ही लांबी कोरडीच घासायची, कारण ती पाणी शोषून पत्र्याशी धरून ठेवते. जुना रंग काढायला ८० नंबरचा पेपर, लांबीला १२० ते १८०, प्रायमरआधी २२० ते ३२०, आणि प्रायमरवर शेवटचा ४०० चा वॉटर पेपर. मधला एखादा नंबर गाळला तर ८० च्या रेघा चकचकीत रंगाखालून वर दिसतात.

आता कंप्रेसर. इथे माणसं दाबाला भुलतात. टायरला दाब लागतो, रंगाच्या गनला मात्र सतत वाहणारी हवा. दुकानात कंप्रेसर हॉर्सपॉवरवर आणि टाकीच्या लिटरवर विकला जातो. विचारायचा आकडा मात्र सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला प्रत्यक्ष किती घनफूट हवा बाहेर पडते याचा. पट्टीवर छापलेला आकडा बऱ्याचदा पिस्टनच्या विस्थापनाचा असतो, आणि बाहेर मिळणारी हवा त्याहून बरीच कमी असते. पट्ट्यावर चालणारं चांगलं यंत्र एका हॉर्सपॉवरमागे साधारण ३ ते ४ सीएफएम देतं. मोठी टाकी हवा तयार करत नाही, फक्त थोडी उसंत देते. घरच्या सिंगल फेजवर चालणारा २ हॉर्सपॉवरचा, पट्ट्याचा कंप्रेसर घेतला तर ६ ते ८ सीएफएमच्या आतबाहेर चालणारी गनच घ्यावी. एक दार, मग दुसरं, मग बॉनेट, असं टप्प्याटप्प्याने तेवढ्यात निभतं.

या गनचा जन्म औषधाच्या फवाऱ्यातून झाला आहे. अमेरिकेत ओहायोतल्या टोलिडो गावी डॉ. ॲलन डीव्हिल्बिस यांनी १८८० च्या दशकात घशात औषध फवारण्याचं उपकरण केलं आणि त्यांचा मुलगा थॉमस याने १९०७ साली त्याच तत्त्वावर रंगाची गन बनवली. हवेच्या झोताने द्रवाचे कण करणं, एवढंच ते तत्त्व. जुन्या पद्धतीच्या, खाली कप असलेल्या गनमध्ये जास्त दाबाने रंग इतका उधळतो की बराचसा पत्र्याऐवजी हवेत जातो. कमी दाबाच्या एचव्हीएलपी गनमध्ये टोपीपाशी दाब १० पीएसआयच्या आत ठेवतात आणि निम्म्याहून खूप अधिक रंग पत्र्यावर बसतो, पण तिला हवा भरपूर लागते, बहुधा १० सीएफएमच्या वर. घरगुती कंप्रेसर तिथे धापा टाकतो, दाब पडतो आणि रंग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसतो. म्हणून वर कप असलेली, कमी हवेवर चालणारी एलव्हीएलपी गन हाच आपला मार्ग. इनॅमलला १.४ ते १.६ मिलिमीटरचं नोझल, प्रायमरला थोडं मोठं. रंग किती पातळ केला हे काठीवरून थेंब पडताना बघण्यापेक्षा फोर्ड कप नंबर ४ ने मोजावं. १८ ते २२ सेकंदांत कप रिकामा झाला की फवारणीजोगा झाला.

दाबलेली हवा गरम असते आणि थंड होताना तिच्यातलं पाणी सुटतं. पाणी गाळणारा फिल्टर कंप्रेसरच्या तोंडाशी लावला तर हवा अजून गरमच असते आणि पाणी वाफ होऊन पुढे निसटतं. आठ-दहा मीटर नळीच्या शेवटी, गनच्या अलीकडे लावला तर ते पकडलं जातं. टाकीचं तळाचं बूचही रोज उघडायचं. कोकणात तर हे न केल्यास रंगात पाण्याचे डोळे उठतातच.

गाडीला काम कमी असतं ते पावसाळ्यात, आणि रंगाला नेमका तोच काळ नकोसा. एप्रिल-मेच्या उन्हात पत्रा तापतो, थिनर वाटेतच उडतं. देशावर दिवाळीनंतरचे महिने चांगले. सकाळचं दव पूर्ण सुकल्यावर आणि वारा सुटण्याआधीचे दोन-तीन तास धरावेत. जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवावी. थिनरची वाफ हवेहून जड असते, ती जमिनीलगत सरकत जाते. जवळपास चूल, विडी, ठिणगी पाडणारा पंखा काही नको. इनॅमल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना त्यांत उष्णता साठते आणि ती आपसूक पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्याच्या डब्यात बुडवावीत.

फवारणी केबिन आणि मडगार्डपुरती. लाकडी हौदा आणि फाळका ब्रशनेच रंगवावेत. फळ्यांच्या फटीत ब्रशच रंग पोचवतो. चेसिसवर कोरलेला नंबर जिथे आहे तिथे ग्राइंडर अजिबात नेऊ नये आणि रंगाचा जाड थरही देऊ नये. पासिंगला तोच वाचला जातो. उच्च सुरक्षा नंबर पाटी काढायची नाही, टेप लावून झाकायची. नोंदणीत लिहिलेला रंग बदलत असेल तर आरटीओची परवानगी आधी. मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायची चाल महाराष्ट्रात २०१५ पासून बंद आहे, हे पेंटरला सांगून ठेवावं. पुढे पांढरी, मागे लाल, बाजूंना पिवळी अशी चकाकणारी पट्टी मात्र हवी, आणि ती ताज्या इनॅमलवर चिकटवली तर रंगासकट सुटून येते. हाताला कोरडा लागला तरी इनॅमल आतून पक्का व्हायला बराच काळ घेतो. पट्टीआधी निदान आठवडा, त्याआधी रंगाचे दोन हात, त्याआधी प्रायमर आणि घासाई, असं पासिंगच्या तारखेपासून मागे मोजत यावं. महिनाभर हाताशी नसेल तर यंदा फक्त दाराची भोकं मोकळी करून घ्यावीत आणि रंग पुढच्या दिवाळीनंतर काढावा.