बँकेनं कर्ज दिलं म्हणजे कागद चोख?

"बँकेनं लोन पास केलंय, मग वकील कशाला?" घर घेणारी माणसं मला हे रोज विचारतात, आणि दरवेळी मला काळजी वाटते. बँक सर्च रिपोर्ट काढते तो स्वतःसाठी. हप्ते थकले तर ही जागा विकून पैसे निघतील का, एवढं तिला बघायचं असतं. इमारतीला ओसी मिळेल का, ताबा कधी मिळेल, ही चिंता तुमची. आणि काम रखडलं म्हणून कर्ज माफ होत नाही.

याच्या उलट गैरसमजही आहे: प्रकल्पावर बोजा दिसला की पळा. मोठे प्रकल्प बहुतेक कर्जावरच उभे राहतात. जमीन आणि न विकलेले फ्लॅट गहाण असतात, त्यात लबाडी नाही. बघायचं ते हे, की तुमच्या फ्लॅटपुरती त्या कर्ज देणाऱ्याची एनओसी आहे का. परवा एका जोडप्याचा करारनामा वाचत होतो. परिशिष्टांच्या यादीत एनओसी होती, पण त्या जागी निघाला कोरा कागद, वर फक्त 'परिशिष्ट फ'. ती मागवली, तेव्हा तिच्यातली अट कळली: पैसे अमुक एका खात्यातच भरायचे. या दोघांनी टोकनचा चेक दुसऱ्याच खात्यात दिला होता. रेराच्या कलम 11 नुसार करारानंतर बिल्डरनं तुमचा फ्लॅट गहाण टाकला, तरी तुमच्या हक्काला बाधा येत नाही. करारापूर्वीच्या गहाणाला मात्र हे कलम लागू नाही, म्हणून एनओसीसाठी हट्ट धरा.

रेरा नंबर म्हणजे हमी नव्हे, ती नोंदणी आहे. ग्राहकांच्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात राहतात आणि आर्किटेक्ट, इंजिनिअर, सीए यांच्या दाखल्यांवर कामाच्या प्रमाणात निघतात, हे खरं. पण त्यातून जमिनीचा खर्चही भागवता येतो. नोंदणीकृत करारनाम्याआधी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे.

'परवडणारं घर' म्हणजे सरकारी घर, असंही नाही. जीएसटीच्या भाषेत किंमत 45 लाखांपर्यंत आणि कार्पेट मुंबई महानगरात 60 चौरस मीटरपर्यंत, पुण्यात 90 पर्यंत असेल, तर बांधकाम चालू असताना 1 टक्का कर. बिल्डर खासगीच असतो.

बिल्डर दिवाळखोरीत गेला की सगळं बुडालं, हेही 2018 पासून खरं नाही. त्या वर्षीच्या दुरुस्तीनं घरखरेदीदार वित्तीय धनको ठरले, त्यांना धनको समितीत मत मिळालं. पण त्यासाठी 'फॉर्म सीए' भरून दावा दाखल करावा लागतो, तोही मुदतीत. बँक आपल्या वतीनं तो भरेल म्हणून कित्येक जण थांबून राहतात. फॉर्म तुम्हालाच भरायचा आहे.