जुनें भिंग, नवा कॅमेरा

माळा झाडावयास काढला म्हणजे एखादी तरी वस्तु अशी हातीं लागते कीं, ती ठेववतही नाहीं आणि टाकवतही नाहीं. गेल्या दिवाळीपूर्वीं आमच्याकडे अशीच एक वस्तु ट्रंकेंतून निघाली. आमचे चुलते कै. नाना यांनीं १९७८ सालीं हौसेनें घेतलेला ‘झेनिट-ई’ नांवाचा रशियन बनावटीचा कॅमेरा. मुंजी, डोहाळजेवणें, मंगळागौरी, अंगणांत उंचीप्रमाणें उभीं केलेलीं मुलें, असे घरांतील तीन पिढ्यांचे प्रसंग नानांनीं त्यावर टिपले होते. पुढें फिल्म घेणें व धुऊन आणणें जिकिरीचें होऊं लागलें, नानाही थकले, आणि कॅमेरा ट्रंकेंत गेला तो गेलाच.

आम्हीं तो दुरुस्तीस नेला. शटर गंजून बसलें आहे, सुटे भाग मिळावयाचे नाहींत, त्यापेक्षां मोडींत घाला, असा सल्ला मिळाला. घरांत त्यावर चर्चा झाली. काकूंपुढें विषय काढण्याचें कोणाच्या मनांत नव्हतें. परंतु एकत्र कुटुंबांत कांहीं लपत नाहीं. त्या एवढेंच म्हणाल्या, “त्यांची वस्तु आहे. तुम्हांला जड होत असेल तर द्या.” असें वाक्य ऐकल्यावर ती वस्तु कोणाला मोडींत देववेल?

सोडवणूक केली ती पुतण्यानें. त्यानें कॅमेऱ्याच्या तोंडावरील भिंग फिरवून मोकळें केलें, खिडकीशीं धरून त्यांतून आरपार पाहिलें आणि म्हणाला, “काका, मेला आहे तो कॅमेरा. भिंगाला कांहीं झालेलें नाहीं.”

तें ‘हेलिऑस ४४-२’ या नांवाचें, ५८ मिलिमीटर नाभ्यंतराचें भिंग होतें. त्याची मूळ रचना जर्मनींतील येना येथील कार्ल झाइस यांच्या ‘बायोटार’ भिंगाची. तिच्यावरून रशियांत हीं भिंगें विपुल निघालीं. पुतण्याजवळ लहानसा डिजिटल कॅमेरा होता. या दोहोंची सोयरीक जमेल, असें त्याचें म्हणणें पडलें. सत्तरीच्या दशकांतील रशियन भिंग आणि आजचा जपानी कॅमेरा यांचें जमावें कसें, हें आम्हांस प्रथम उमगेना. उमगलें तें सर्व एका अंतराच्या हिशेबावर उभें आहे, म्हणून तो हिशेब येथें थोडा सविस्तर देतों.

भिंग कॅमेऱ्याच्या ज्या कड्यावर बसतें, त्या कड्यापासून फिल्मपर्यंतचें अंतर प्रत्येक पद्धतींत ठरलेलें असतें. दूरच्या डोंगराची स्पष्ट प्रतिमा नेमकी त्या अंतरावर पडावी, अशा बेतानें भिंग घडविलेलें असतें. झेनिटच्या पद्धतींत, म्हणजे ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांच्या पद्धतींत, हें अंतर ४५.४६ मिलिमीटर. ते एवढें मोठें ठेवण्याचें कारण मधला आरसा. भिंगांतून येणारें चित्र छायाचित्रकाराच्या डोळ्यापर्यंत पोंचविण्यासाठीं तो तिरका आरसा फिल्मच्या पुढें असे, व टिपण्याच्या क्षणीं वर उचलला जाई. त्याला हलावयास जागा ही हवीच.

फिल्म गेली, तिच्या जागीं प्रकाशाचें विजेंत रूपांतर करणारा सेन्सर आला, तरी मोठ्या डिजिटल कॅमेऱ्यांत हा आरसा पुष्कळ वर्षें टिकून होता. २००८ सालीं पॅनासॉनिकनें ‘जी-१’ हा अदलाबदलीच्या भिंगांचा कॅमेरा आरशावांचून काढला; २०१० सालीं सोनीचे ‘नेक्स’ जातीचे कॅमेरे आले. यांत चित्र थेट सेन्सरवरून पडद्यावर दिसतें. आरसा गेल्यामुळें अंतर घटलें. सोनीच्या या पद्धतींत तें अवघें १८ मिलिमीटर उरलें. आतां ४५.४६ मधून १८ वजा करा. २७.४६ मिलिमीटर जागा मोकळी राहते. तेवढ्या उंचीचें, एका बाजूस आटे व दुसऱ्या बाजूस सोनीची बैठक असलेलें धातूचें पोकळ कडें मध्यें घातलें कीं भिंग आपल्या जुन्या अंतरावर जाऊन बसतें. या कड्यासच अडॅप्टर म्हणतात. त्यांत कांच नाहीं, यंत्र नाहीं, आणि नव्या भिंगाच्या मानानें त्याची किंमतही किरकोळ. लायका ‘एम’ पद्धतीचें अंतर मूळचेंच २७.८ मिलिमीटर असल्यामुळें तिच्यासाठीं ९.८ मिलिमीटरांचें कडें पुरतें.

हिशेब उलटा झाला तर मात्र इलाज नाहीं. निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यांत हें अंतर ४६.५ मिलिमीटर आहे. नानांचें भिंग त्यावर बसविलें तर कड्याची जाडी शून्य धरली तरी तें सुमारें एक मिलिमीटर पुढेंच राहणार, व सव्वातीन मीटरांपलीकडचें कांहींही स्पष्ट येणार नाहीं. एका मिलिमीटरानें अंगणापलीकडचें जग बुडावें, ही गोष्ट आम्हांस प्रथम खरी वाटली नाहीं.

ती अनुभवानें पटली. आम्हीं पहिलें कडें घेतलें तें सर्वांत स्वस्त पाहून. भिंग त्यावर घट्ट बसलें, घरांतील माणसें सुरेख आलीं, आणि गच्चीवरून पर्वतीचें देऊळ टिपूं गेलों तों तें कांहीं केल्या स्पष्ट होईना. दोष भिंगाचा धरून आम्ही दोन दिवस हिरमुसलेले होतों. पुतण्यानें मापून पाहिलें तेव्हां कडें ठरल्यापेक्षां एक दशांश मिलिमीटर जाड निघालें. या भिंगाला तेवढ्यानेंच चौतीस मीटरांच्या पुढें आंधळेपणा येतो. कडें किंचित् पातळ असतें तर अंतराच्या खुणा थोड्या चुकल्या असत्या, पण देऊळ दिसलें असतें. म्हणून अडॅप्टर आणला कीं पहिल्याच दिवशीं गच्चीवर जाऊन दूरची वस्तु पाहावी, व ती न दिसल्यास कडें दुकानदारास परत करावें.

भिंग बसलें तरी कॅमेऱ्याला त्याचा पत्ता नसतो. त्याच्या समजुतीनें तोंड उघडेंच आहे. यासाठीं ‘भिंग नसतांनाही टिपण्याची परवानगी’ अशा अर्थाचें एक कलम यादींतून शोधून चालू करावें लागतें. न केल्यास कळ दाबूनही कॅमेरा ढिम्म राहतो, आणि नवशिक्या घाबरतो. छिद्र आपण भिंगावरील कड्यानें ठरवावें, उघडझापीचा वेळ कॅमेऱ्यावर सोपवावा. हाताचा कंप आवरण्याची सोय कॅमेऱ्यांतच असेल तर त्याला नाभ्यंतर ५८ असें सांगावें. ८७ सांगूं नये. या कॅमेऱ्याचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीहून लहान असल्यामुळें चित्राच्या कडा कापल्या जातात व दृश्य दीडपट लांबच्या, म्हणजे ८७ मिलिमीटरांच्या भिंगासारखें भासतें, एवढाच त्या आंकड्याचा अर्थ. हेलिऑसच्या चित्रांत पार्श्वभूमीची पानें भोंवऱ्यासारखीं फिरलेलीं दिसतात, त्याचें तरुण मंडळींस मोठें वेड आहे. तो भोंवरा मुख्यतः कडांपाशीं असल्यामुळें लहान सेन्सरवर बराच हरवतो. आम्हांस त्याचें दुःख नाहीं.

खरी परीक्षा फोकसची. दोन मदतनीस आहेत. स्पष्ट झालेल्या कडांवर रंगीत रेघ उमटविण्याची सोय एक. ती उपयुक्त खरी, पण छिद्र पूर्ण उघडें असतां थोडी लबाड असते आणि पापणी व भुंवई दोन्हीं रंगवून मोकळी होते. दुसरी सोय चित्राचा तुकडा कित्येक पटींनीं मोठा करून दाखविण्याची. ज्यांस चाळिशी लागली आहे त्यांनीं हिच्यावरच विसंबावें. छिद्राचा आंकडा २ असतां दीड मीटरावरील चेहऱ्याचा अवघा पांच सेंटिमीटर जाडीचा थर स्पष्ट येतो. डोळा साधला तर कान सुटतो. हेलिऑस ४४-२ वर छिद्राचीं दोन कडीं आहेत. एकानें मर्यादा ठरवून ठेवावी, पूर्ण उघड्या छिद्रावर डोळा साधावा, आणि दुसरें कडें नजर न हलवितां त्या मर्यादेपर्यंत फिरवावें. ही युक्ति अंगवळणीं पडावयास आम्हांस पंधरा दिवस लागले.

सर्वच जुन्या कॅमेऱ्यांचें हें भाग्य नाहीं. एके काळीं आपल्याकडे घरोघर असलेल्या आग्फा ‘क्लिक’चें भिंग सुटें होत नाहीं. १९८७ नंतरच्या कॅननच्या ‘ई एफ’ भिंगांवर छिद्राचें कडेंच नाहीं, त्यामुळें साध्या पोकळ कड्यानें तीं चालत नाहींत. खिशांतल्या लहान कॅमेऱ्यांपैकीं ज्यांचें भिंग कायमचें जडविलेलें आहे, त्यांचाही येथें उपयोग नाहीं. आणि दुडदुडणारें मूल, किंवा अंतरपाट दूर होण्याचा क्षण, हें काम आपोआप फोकस करणाऱ्या भिंगाचें. तेथें नानांचें भिंग घेऊन उभें राहणें म्हणजे यजमानांचा रोष ओढवून घेणें होय.

आपल्या हवेंत जुन्या भिंगाचा मोठा शत्रु म्हणजे बुरशी. पावसाळ्यांत, विशेषतः कोंकणपट्टींत, ती कांचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते व वरचा लेप खाऊन टाकते. भिंगामागें विजेरी धरून पाहिलें कीं तंतु दिसतात. चामड्याची देखणी पिशवी हें त्याचें माहेरघर, कारण चामडें ओल धरतें. नानांनीं भिंग घट्ट झांकणाच्या डब्यांत, ओल शोषणाऱ्या खड्यांच्या पुरचुंडीसह ठेवलें होतें. निळे खडे गुलाबी पडले कीं काकू ते तव्यावर मंद आंचेवर भाजून पुनः निळे करीत. नाना गेल्यावरही त्यांनीं तें काम सोडलें नव्हतें, हें आम्हांस भिंग निर्मळ निघाल्यावर कळलें.

नानांच्या सगळ्या आल्बमांतून काकू एकट्या अशा कोठेंच नाहींत. कोणाचें तरी मूल कडेवर आहे, नाहीं तर हातांत पंगतीचें भांडें. मार्गशीर्षांतल्या एका सकाळीं आम्हीं त्यांना माजघराच्या खिडकीशीं बसविलें. जुन्या भिंगाचा लेप साधा असल्यामुळें बाजूचा प्रकाश आंत शिरून चित्र पांढुरकें करीत होता. पुतण्यानें वरून हाताची सावली धरली. आम्ही डोळा साधत होतों, सुटत होता, पुनः साधत होतों. काकू बराच वेळ निश्चल बसल्या, आणि मग हंसून म्हणाल्या, “आटप रे आतां. ह्यांनाही एवढाच वेळ लागायचा.”

नेमकें त्याच वेळीं आम्हीं कळ दाबली.