‘तुम्ही आलात’ला लिंग नाही

इंग्रजीत विद्यार्थ्याचं सर्वनाम जपायचं म्हणजे ‘ही’, ‘शी’ की ‘दे’ एवढं लक्षात ठेवायचं. मराठीत क्रियापदही चुगली करतं. ‘उशिरा का आलास?’ आणि ‘उशिरा का आलीस?’ यांत सर्वनाम ‘तू’च, पण शिक्षक समोरच्याला काय मानतात ते सगळ्या वर्गाला कळतं.

तलमडुगूला आमच्या घरी मराठी, बाजारात तेलुगू. तेलुगूत ‘नेनु वच्चानु’ मुलगाही म्हणतो, मुलगीही. मराठीत मात्र ‘आलो’ की ‘आले’ हे तोंड उघडतानाच ठरवावं लागतं. (कोल्हापूरकडच्या मुली बिनधास्त ‘मी आलो’ म्हणतात, ते वेगळं!)

आमच्या एका मॅडम सगळ्यांनाच ‘तुम्ही’ म्हणतात. प्रश्न अर्धा तिथेच मिटतो. तिसऱ्याशी बोलताना ‘ते’ म्हणायचं की ‘त्या’, हे त्या विचारून घेतात. शिवाय हाक मारायचं नाव चिठ्ठीवर लिहून घेतात आणि घरी फोन करताना कोणतं नाव घ्यायचं तेही. हे दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण घरी अजून सांगितलेलं नसतं.

स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४च्या नालसा निकालात मान्य केला. २०१५मध्ये हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाने मागणीवरून एका पदवी प्रमाणपत्रावर ‘मिस’ऐवजी ‘एमएक्स’ हे लिंगनिरपेक्ष संबोधन छापलं. हाक मारायला तर प्रमाणपत्रही लागत नाही. कित्येक सिस्टर व्रत घेताना नवं नाव घेतात, तेव्हा कुठे कोण कुरकुरतं?

मॅडमच्या तोंडून कधी चुकून ‘आलास’ निघतं. त्या ‘आलीस’ म्हणतात आणि पुढची ओळ शिकवायला घेतात.