‘डॉन्ट’ आणि दम

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांस ‘डॉन्ट’ हे क्रियापद ‘धीर खचविणे’ एवढ्याच अर्थाने ठाऊक असते. (‘करू नको’ म्हणणारा ‘डोन्ट’ तो निराळा.) परंतु ह्या शब्दाची कुळकथा पाहू गेल्यास तो आपल्याच गोत्रातला निघतो. लॅटिन भाषेत ‘दोमारे’ म्हणजे माणसाळविणे. त्यापासून ‘दोमितारे’ झाले, ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले. लॅटिन ‘दोमारे’, इंग्रजी ‘टेम’ आणि संस्कृत ‘दम्’ धातू ही एकाच मूळ भाषेची लेकरे होत.

आरंभी ‘डॉन्ट’चा अर्थ जनावर वठणीवर आणणे, शत्रूस नमविणे असा असे. पुढे वश करण्याचा भाग गळाला व धास्ती घालण्याचा तेवढा उरला. म्हणून आज कोणास ‘अन्डॉन्टेड’ म्हणणे ही स्तुतीच होय.

संस्कृतातही आरंभ गोठ्यातूनच आहे. जुवाला लावण्याच्या वयाच्या खोंडास अमरकोशात ‘दम्य’ म्हटले आहे. परंतु येथे दमनाचा रोख बाहेरून आत वळला. बृहदारण्यकात प्रजापती ‘द’ एवढेच अक्षर उच्चारतो. त्यावरून असुर दया समजतात, मनुष्य दान समजतात आणि देव दमन, म्हणजे स्वतःस आवरणे समजतात. मनूनेही धर्माच्या दहा लक्षणांत दम गणला आहे. ‘दान्त’ म्हणजे भ्यालेला नव्हे. ज्याचे मन त्याच्या ताब्यात आहे तो.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. आमच्या वारणाकाठी खोंड शिकवावयाचा तर त्यास जाणत्या बैलाच्या जोडीस जुंपतात. वेसण असतेच, पण चाल तो शेजाऱ्याची पाहून शिकतो. नुसत्या आसुडाने बुजलेले जनावर ऐन चढणीवर बसकण मारते.

एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांचे पाऊल उंबऱ्यात पडताच मुले चिडीचूप होतात, आणि आपण त्यास शिस्त म्हणून समाधान मानतो. तो दम की ‘डॉन्ट’, हे ओळखणे कठीण नाही. वडील मंडळी परगावी असता मुलगा कसा वागतो ते पाहावे. त्याचप्रमाणे, त्याच्यादेखत आपण स्वतःचा राग कितपत आवरतो, तेही पाहावे. कारण जोडीचा जाणता बैल घरात आपणच आहोत.