धूर एक, नियम दोन

डिझेलचा धूर मालमोटारीचा असो वा ट्रॅक्टरचा, छातीला तो सारखाच घातक. नियम मात्र सारखे नाहीत. भारतात १ एप्रिल २०२० पासून नव्या मालमोटारींना 'भारत स्टेज ६' ही कडक मर्यादा लागू झाली. बहुतेक मोठ्या गाड्यांत तप्त धुरात युरियाचे द्रावण फवारले जाते; त्यापासून होणारा अमोनिया उत्प्रेरकाच्या साहाय्याने विषारी नत्र-ऑक्साइडांचे नत्रवायू व पाणी यांत रूपांतर करतो. पिकांना पोसणारा युरिया हवाही निर्मळ करतो, हे नवलच! ट्रॅक्टरांवर अधिक कडक मर्यादा १ जानेवारी २०२३ रोजी आली, तीही ५० अश्वशक्तीहून मोठ्यांवरच. शुद्धीकरणाच्या यंत्रणेने किंमत चढते. तो भार लहान शेतकऱ्यास पेलवत नाही. त्याचा छोटा ट्रॅक्टर तेव्हा वगळला गेला. दिवसभर नांगरताना धूर मात्र त्याच्याच नाकातोंडात जातो.