बालवाड्यांची तुलना

एकाच भागातील दोन बालवाड्यांची तुलना करताना इमारत, पटसंख्या व खेळणी (ती कपाटात कुलूपबंद असली तरी!) प्रथम डोळ्यांत भरतात. पटावर नसलेली मुले मात्र कोणी मोजीत नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा गरीब वस्तीतील मुले बालवाडीकडे फिरकेनात. म्हणून त्यांनी व अनुताई वाघ यांनी वस्तीच्या अंगणातच वर्ग भरविला. तीच अंगणवाडी. महाग साहित्याच्या जागी तेथे शंखशिंपले, खडे व बिया आल्या. तुलनेस बसणाऱ्या शिक्षकांनी हजेरीपटाशेजारी गावातील कुटुंबांची यादी ठेवावी. कोणत्या वाडीवरील मूल येत नाही, आड येते ते अंतर की धाकटे भावंड, हे घरी जाऊन विचारावे. पुढे पहिलीच्या वर्गात तेच मूल दाराशी बुजून उभे राहते.