खोक्यात पहिलं जाणारं पुस्तक

कंत्राट वाढणार नाही, असं गेल्या महिन्यात कळलं. दहा वर्षांतलं हे पाचवं घर आवरायचं. खोक्यात पहिलं जाणार ते आईनं दिलेलं ‘उपासना संगीत’. आम्ही नगरचे ख्रिस्ती. रुवैसमध्ये सेंट जॉन द बाप्टिस्ट हे कॅथलिक चर्च आहे. आमची मराठी गीतं मात्र घरच्या हॉलमध्येच, तीही पेटीशिवाय!

त्यातली कितीतरी रेव्हरंड ना. वा. टिळकांची. १८९३ मध्ये नोकरीसाठी राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. श्रद्धेत घर सापडतं म्हणतात. लक्ष्मीबाईंचं तर आधी मोडलं. १९०० मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या, पण मधली वर्षं सोपी नव्हती. म्हणूनच ही गीतं मला नुसती गोड नाही, खरी वाटतात.

परवा इथून जवळच्या जबल धन्नाहून बोटीनं सर बनी यास बेटावर गेलो. तिथं सातव्या-आठव्या शतकातल्या ख्रिस्ती मठाचे अवशेष आहेत. मुलीनं विचारलं, “बाबा, इथले लोक कुठे गेले?” मला सांगता येईना. मग तीच आजीनं शिकवलेलं गीत गुणगुणायला लागली, आणि बोटीची वेळ होईपर्यंत आम्ही तिथेच थांबलो.